इंग्रजीच्या तासाला मागे बसून काय बघावं

संशोधनाच्या शीर्षकापासून सुरुवात करू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. "प्राथमिक शिक्षकांचा इंग्रजी अध्यापनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन : एक चिकित्सक अभ्यास." सिंधुदुर्गात केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटाची पर्यवेक्षक) म्हणून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे एम.एड. करणारी, डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) कृतिसंशोधनाला नाव दिलेली तरुण शिक्षक मंडळी येतात. बहुतेकांच्या वहीत हेच शीर्षक असतं, फक्त तालुक्याचं नाव बदलतं. शीर्षक एवढं ऐसपैस झालं की माणूस प्रश्नावली काढतो. प्रश्नावली निघाली की केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म येऊन पडतो. मग पोषण आहाराची माहिती, यूडायस आणि आणखी कसल्या कसल्या लिंकच्या रांगेत तोही "पूर्ण सहमत, पूर्ण सहमत" करत भरला जातो. "इंग्रजी खेळांतून व कृतींतून शिकवावी" या वाक्यापुढे "असहमत" कोण लिहील? लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेल्या या सहमत-असहमतच्या मोजपट्टीचा यात दोष नाही. आपलं उत्तर कोणाच्या टेबलावर जाणार याची धास्ती भरणाऱ्याला असेल, तर कोणतीही मोजपट्टी तीच धास्ती मोजते.

म्हणून प्रश्न इतका लहान करा की तो एका तासात डोळ्यांनी दिसला पाहिजे. "दुसरीच्या इंग्रजीच्या तासात बाई मराठीत केव्हा येतात आणि त्या क्षणी त्यांनी काय पाहिलेलं असतं?" एवढा पुरे. किंवा "पुस्तकातलं चित्र सोडून शिक्षक वर्गातली वस्तू केव्हा हातात घेतात?" दृष्टिकोन हा शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि महिनाभर तिकडे फिरकू नका.

वाचन थोडं करा, पण नेमकं

परभाषा लहानपणी शिकवण्यावर जगात पुष्कळ काम झालं आहे. ते वाचताना प्रत्येक वेळी विचारायचं, की हे कुठल्या वर्गात बसून लिहिलं आहे? इंग्लंडमध्ये १९६४ पासून आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. क्लेअर बर्स्टॉल यांनी त्याचा अंतिम अहवाल १९७४ मध्ये दिला. आठव्या वर्षी सुरुवात केलेली आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं सोळाव्या वर्षी शेजारी ठेवली, तर लवकर सुरुवात केलेली फक्त ऐकून समजण्यात पुढे होती. या निष्कर्षामुळे तिथे प्राथमिक फ्रेंचचा जोर ओसरला. पुढे २०१४ पासून इंग्लंडने सात ते अकरा वयाच्या मुलांना परभाषा सक्तीची केली, ती गोष्ट वेगळी. आपल्या उपयोगाचं त्या अहवालात दुसरंच आहे. खेड्यातल्या छोट्या शाळांतली मुलं शहरातल्या मोठ्या शाळांपेक्षा फ्रेंचमध्ये सरस निघाली होती, आणि शिक्षक व मुख्याध्यापक या विषयाकडे कसे बघतात याचाही परिणाम दिसला होता. कमी पटाच्या शाळेला सगळीकडून नावं ठेवली जात असताना आमच्या कोकणातल्या शिक्षकाने हे वाचलं तर त्याची मान थोडी वर होते. मात्र त्यावरून "आमच्याकडेही तसंच" असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

त्यानंतरचा २००७ ते २०१० चा 'एली' प्रकल्प बघा. जेनेट एनेव्हर यांच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या सात देशांत चौदाशेहून अधिक मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला. वर्गात बसणं, शिक्षकांशी बोलणं, मुलांना विचारणं, सगळं त्यात होतं. सायमन बोर्ग यांचं काम तर या विषयाचा कणाच आहे. शिक्षकाला काय माहीत असतं, तो काय मानतो, काय विचार करतो आणि प्रत्यक्षात काय करतो, यांत अंतर का पडतं, हाच त्यांचा प्रश्न. आणि आपल्या घरचे एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासच्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरण बाजूला ठेवून मुलांना डोकं चालवायला लावणारी कामं देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. पुढे १९९० मध्ये त्यांनी मांडलं की सर्वांत चांगली अशी एक पद्धत नसतेच. हे असं केलं तर मुलं शिकतात, अशी प्रत्येक शिक्षकाची अनुभवातून तयार झालेली एक आतली खात्री असते आणि ती जिवंत आहे की गंजली आहे, हे महत्त्वाचं. संशोधक म्हणून तुम्ही शोधायची ती हीच खात्री. ती फॉर्मात सापडत नाही.

एवढं वाचलं की बस. प्रबंधाचं दुसरं प्रकरण लांबवत बसलात तर गणपती येतील.

केव्हा जायचं, कोण म्हणून जायचं

गणपती येतील हे मी गंमतीने म्हटलं नाही. आमच्याकडे शाळेचं वर्ष समजायला वेगळं कॅलेंडर लागतं. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात कुठलाही तास खरा नसतो. शिमग्यातही तेच. मार्चपासून सकाळची शाळा झाली की तासांचा क्रम बदलतो. जून-जुलैत वर्ग भरलेला असतो, पण मोबाइलवर आवाज घ्यायचा म्हणाल तर कौलांवर आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसापुढे बाईंचा आवाज तुम्हाला नंतर ऐकूच येणार नाही. आवाज घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच हंगाम. पावसात जायचंच असेल तर वही आणि पेन्सिल घेऊन जा. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते.

परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, मुख्याध्यापकांना आधी फोन करा, आणि आवाज घेणार असाल तर शिक्षकाबरोबर पालकांनाही विचारा. हे झालं कागदाचं. खरी अडचण तुमच्या ओळखीची असते. मी वर्गात शिरले की "गुड मॉर्निंग मॅडम" असं एका सुरात व्हायचं, फळ्यावर रंगीत खडूने तारीख असायची आणि टाचण वही टेबलावर उघडी. मी बघायला गेलेला तास मी गेल्यामुळे नाहीसा झालेला असायचा. भाषाशास्त्रज्ञ लबॉव यांनी या पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं आहे : माणसं कोणी बघत नसताना कशी बोलतात हे हवं असतं आणि ते मिळवायला बघावंच लागतं. यावर अक्सीर इलाज नाही, पण उतारे आहेत. पहिला तास मोजू नका, तो ओळखीचा. बाकावर किंवा खुर्चीवर बसू नका, बस्करपट्टीवर मुलांच्या मागच्या ओळीत बसा. एखादं पोर तुमच्याकडे वळून पाटी दाखवायला लागलं की तुम्ही वर्गात मुरलात असं समजा. शाळेच्या शेरेबुकात त्या दिवशी काहीही लिहू नका, "उत्तम" सुद्धा नाही. शेरा लिहिला की तुम्ही साहेब झालात. आणि स्वतःच्याच केंद्रात संशोधन करायचं टाळा. खाडीपलीकडचं केंद्र बघा, होडीने पलीकडे जायला लागलं तरी चालेल.

तक्ता

बी.एड.ला आपण सगळ्यांनी वर्गातलं बोलणं मोजण्याचा फ्लँडर्सचा तक्ता पाठ केलेला असतो : दर तीन सेकंदांनी एक खूण, दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. परीक्षेला उत्तम. आमच्या इंग्रजीच्या तासाला अपुरा, कारण कोण बोललं हे तो सांगतो, पण कुठल्या भाषेत बोललं हे सांगत नाही. शिवाय दोन शिक्षकी शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र बसतात. दुसरी "धिस इज माय नोज" म्हणत असताना पहिली पाटीवर 'अ' गिरवत असते, आणि फ्लँडर्सच्या हिशोबात त्या पहिलीला जागाच नाही.

स्वतःचा तक्ता आखा. साध्या फुलस्केपवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाची एक ओळ. तीस मिनिटांचा तास धरला तर साठ ओळी होतात, घड्याळ मांडीवर ठेवून हे हाताने जमतं. पहिल्या रकान्यात कोण बोलतंय : शिक्षक, एक मूल, सगळा वर्ग, कोणी नाही. दुसऱ्यात भाषा. इथे नुसतं 'मराठी' लिहू नका. पुस्तकी मराठी, मालवणी किंवा जी तिथली बोली असेल ती, आणि इंग्रजी, अशा तीन वेगळ्या खुणा ठेवा. मिश्र असेल तर दोन्ही. तिसऱ्या रकान्यात कशासाठी : अर्थ सांगायला, सूचना द्यायला, रागवायला, कौतुकाला, गप्पांना. चौथ्यात त्याच खोलीतली बाकीची इयत्ता काय करतेय. उजवीकडे रुंद समास कोरा ठेवा आणि त्यात प्रत्यक्ष वाक्य जसंच्या तसं टिपा. नंतर जे काही हाती लागतं ते याच समासातून.

रागवण्याची खूण वेगळी का ठेवायची, हे काही तास बसलात की कळेल. इंग्रजी शिकवताना इंग्रजीत बोलणाऱ्या कितीतरी बाई रागवताना मात्र थेट बोलीत उतरतात आणि कौतुक करताना पुन्हा "व्हेरी गुड"वर जातात. वर्गात कुठली भाषा कुठल्या कामाची हे मुलांना त्यातून धड्याच्या आधी कळतं.

आता एक नमुना. मालवणच्या किनाऱ्यालगतची शाळा, पोरं मच्छीमारांच्या वाडीतली. बाईंनी चित्रकार्ड वर धरलं : "धिस इज अ फिश." वर्ग एका सुरात म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा कोपऱ्यातला एक मुलगा उभाच राहिला : "बाईनू, ह्यो बांगडो नाय!" मग सुरमई की पेडवा यावर जे माजलं ते बाईंनी थांबवलं नाही. त्या मुलाला पुढे बोलावलं, मालवणीतच विचारलं, त्याने कार्डावर बोट ठेवून शेपटी कशी चुकलीय ते सांगितलं. माझ्या तक्त्यात सलग सहा ओळी 'मूल, मालवणी, गप्पा' अशा भरल्या. मग बाईंनी विचारलं, "इज इट बिग ऑर स्मॉल?" आणि तो म्हणाला, "स्मॉल."

नुसत्या खुणा मोजल्या तर हा तास वाईट निघतो. मोजू नका असं मी म्हणत नाही, मोजाच. पण त्या सहा ओळींभोवती गोल करून ठेवा, कारण दुपारी विचारायचं आहे ते तेवढ्याबद्दलच.

विचारायचं कसं

त्याच दिवशी विचारायचं, जेवणाची सुट्टी झाली की किंवा शाळा सुटल्यावर. रात्र गेली की आठवण जाऊन स्पष्टीकरण उरतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत नको. व्हरांड्यात, चहा घेत. तक्ता शिक्षकाच्या हातात द्या, लपवू नका. पहिला प्रश्न गोल केलेल्या जागेवर : "या वेळी तुम्हाला समोर काय दिसलं?" "तुम्ही असं का केलंत?" असं विचारलंत तर ती खातेनिहाय चौकशीची भाषा होते आणि समोरून "अध्ययन निष्पत्ती साध्य व्हावी म्हणून" असं छापील उत्तर येतं. मला त्या बाईंनी सांगितलं, "तो जूनपासून वर्गात तोंड उघडत नव्हता. आज उघडलं. मी काय त्याला इन इंग्लिश प्लीज म्हणू?" हे वाक्य म्हणजे प्रभूंची ती आतली खात्री. बाईंनी प्रभू वाचलेले नव्हते.

पुढचे प्रश्न मी साधारण असे ठेवते. हाच धडा मागच्या वर्षी घेतलात तेव्हा काय वेगळं होतं? मी इथे बसले नसते तर आज काय वेगळं झालं असतं? (हसून विचारा, उत्तर प्रामाणिक येतं.) आणि सर्वांत महत्त्वाचा : तुम्ही स्वतः इंग्रजी कुठल्या वर्गात, कोणाकडून, कसं शिकलात, तो वर्ग मला दाखवा.

या शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की शिक्षक होण्याआधी माणूस हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकांना बघत बसलेला असतो, आणि प्रशिक्षणापेक्षा ते बघणं खोल जातं. महाराष्ट्रात याची एक स्पष्ट रेघच आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालच्या जूनपासून आली, त्याआधी ती पाचवीपासून असे. म्हणजे आज एकाच शाळेत पन्नाशीच्या बाई पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या, शब्दार्थ-भाषांतराने शिकलेल्या असतात आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेले गुरुजी पहिलीपासून इंग्रजीची गाणी म्हणत मोठे झालेले. दोघांना प्रशिक्षण एकच, पुस्तक बालभारतीचं एकच. दोघांच्या तासांचे तक्ते शेजारी ठेवून बघण्यासारखं दुसरं संशोधन कोकणात सुचवायला सांगाल तर मला पटकन सुचणार नाही. पण जुने भाषांतर करतात आणि नवे करत नाहीत, असं आधीच ठरवून जाऊ नका. मी उलटंही पाहिलं आहे.

दुसरी रेघ गावांची. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात घाटावरून, मराठवाड्यातून आलेले पुष्कळ शिक्षक आहेत. असे एक गुरुजी देवगड तालुक्यात पहिली-दुसरी सांभाळत. त्यांच्या इंग्रजीच्या तासात इंग्रजीच्या खुणा आजूबाजूच्या कोणत्याही शाळेपेक्षा जास्त. अहवालात लिहायला किती सोपं : सकारात्मक दृष्टिकोन, लक्ष्यभाषेचा भरपूर वापर. विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, यांची मालवणी मला कळेना, माझी मराठी यांना कळेना. इंग्रजीत आम्ही दोघंही सारखेच नवे, म्हणून तिथं बरं चालतं." त्याच वर्गात आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातली एक मुलगी होती. तिच्यासाठी तर मराठीच परभाषा. चिरेखाणीवरच्या कन्नड मजुरांची मुलं असतात, त्यांचंही तसंच. तेव्हा तक्त्याच्या माथ्यावर पटाबरोबर घरच्या भाषाही लिहून घ्या. सगळ्यांची मातृभाषा 'मराठी' असं हजेरीवरून उतरवून घेतलंत तर पुढचं सगळं विश्लेषण वाकडं जातं.

एक सावधगिरी. हिंदीचा विषय मुलाखतीत ओढू नका. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली, गदारोळ झाला आणि २९ जूनला निर्णय मागे घेतले गेले. तेव्हापासून "परभाषा" म्हटलं की शिक्षक वर्गाबद्दल बोलायचं सोडून सरकारबद्दल बोलतात. तोही अभ्यासाचा विषय आहे, पण वेगळ्या वहीचा.

आकड्यांशी किती सलगी करायची

सहा शिक्षक बघितले असतील तर "६६.६७ टक्के शिक्षक" असं लिहू नका. चार शिक्षक लिहा. दशांश चिन्हाने कोणी फसत नाही, परीक्षक तर नाहीच.

तक्ता मात्र विश्वासार्ह आहे का ते तपासा. एका तासाला मैत्रिणीला बरोबर न्या, दोघींनी न बोलता वेगवेगळा भरा. समजा साठपैकी अठ्ठेचाळीस ओळी जुळल्या, तर जुळणी ८० टक्के. ऐकायला छान. पण तासभर बाईच बोलत असतील तर डोळे मिटून 'शिक्षक' लिहिणाऱ्या दोघींचंही जुळेल. असं योगायोगाने जुळणारं वजा करायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा नावाचं गुणोत्तर दिलं. त्याचं सूत्र कुठल्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकात मिळतं. ते काढा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न जुळलेल्या बारा ओळींवर दोघी भांडा. बहुतेक भांडण 'अर्थ सांगणं' आणि 'गप्पा' यांच्या सीमेवर होईल. तिथेच तुमच्या रकान्यांच्या व्याख्या पक्क्या होतात.

प्रश्नावली काढायचीच असेल तर ती आता, सगळं बघून झाल्यावर. समासात टिपलेली शिक्षकांची वाक्यंच तिच्यात घाला, नावं काढून. "आज त्याने तोंड उघडलं, मी इंग्रजीसाठी त्याला थांबवणार नाही" या वाक्यापुढे सहमत की असहमत विचारा. बघा, लोक थांबून विचार करून भरतात.

लिहिताना

नाव बदललं म्हणजे माणूस झाकला असं आपल्याकडे होत नाही. "खाडीच्या मुखाजवळची, पट अकराची, दोन शिक्षकी शाळा, शिक्षिका मूळच्या विदर्भातल्या" एवढं लिहिलंत की अख्खा तालुका नाव सांगेल. तपशील विखरून टाका. पट "वीसच्या आत" असा लिहा, गावाऐवजी "किनाऱ्यालगत" किंवा "सड्यावरची" एवढंच. शिक्षकाचा जिल्हा मुद्द्याला लागत असेल तरच सांगा. ज्या वाक्याने कोणाची बदली, चौकशी किंवा गावात बोलणी होऊ शकतील ते वाक्य कितीही सुंदर असलं तरी त्या शिक्षकाला विचारल्याशिवाय छापू नका. दोन वाक्यं मला अशी गाळावी लागली, त्यांतलं एक अजून जिभेवर आहे.

अहवाल सादर करण्याआधी प्रत्येक शिक्षकाला त्याचे तक्ते आणि त्याच्याबद्दलची पानं वाचायला द्या. खोडायचा हक्क त्याचा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडायचं असेल तर निष्कर्षाच्या स्लाइड दाखवू नका. एक तक्ता झेरॉक्स करून सगळ्यांना वाटा, आणि पुढच्या महिन्यात शिक्षकांनी जोडीजोडीने एकमेकांच्या तासाला बसून तो भरायचा असं ठरवा. साहेबांनी त्या दिवशी शाळेत येऊ नये, एवढी अट घाला. आवाजाच्या फायली काम झालं की पुसून टाका. डाएटमध्ये प्रत जमा कराल तेव्हा शाळांची यादी मागितली जाईल. सांकेतिक क्रमांकांची द्या, आणि क्रमांक कुठल्या शाळेचा ते लिहिलेला कागद तुमच्याच कपाटात राहू दे.